लघुग्रह शोधून त्याला नाव द्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि पुढची सगळी प्रोसेस

गुहागर, दापोली, मालवणकडच्या शाळांतून हल्ली एकच विचारणा, लघुग्रहाला नाव द्यायचा फॉर्म कुठे मिळतो? तर नावाचा अर्ज सगळ्यात शेवटी येतो, पहिला अर्ज असतो शोधमोहिमेत टीम नोंदवायचा, आणि मधली वर्षं जातात ती कक्षा, म्हणजे लघुग्रहाचा सूर्याभोवती फिरायचा मार्ग, पक्की व्हायला.

डिग्री नको, स्वतःची दुर्बीण नको. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन, म्हणजे आयएएससी, ही संस्था अशा शोधमोहिमा चालवते, त्यांच्या वेबसाइटवर टीम नोंदवायची, फी नाही. आकाशाचे फोटो येतात हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे, त्यामुळे आपल्याकडे आषाढात चार चार दिवस सूर्य दिसला नाही तरी काम अडत नाही, फक्त नेट आहे तोवर सगळे फोटो उतरवून घ्या कारण पावसात लाईटचा भरवसा नाही. विंडोजचा लॅपटॉप आणि ईमेलवाला एक टीमप्रमुख, एवढं पुरतं. आधार, डोमिसाइल, दाखले काही नाही, सेतूत जायची गरजच नाही. मुलं लहान असतील तर पालकांची सही शाळेने आपल्याकडे ठेवावी असं मला वाटतं.

ॲस्ट्रोमेट्रिका सॉफ्टवेअरमध्ये आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो एकामागोमाग फिरतात. तारे जागच्या जागी, आणि एखादा पुसट ठिपका सरळ रेषेत, एकाच वेगाने, जवळपास तेवढाच उजेड ठेवून पुढे सरकतो. हाच आपला माणूस! मध्येच उडी मारणारा किंवा दोनच फोटोंत दिसणारा ठिपका बहुतेक कॅमेऱ्याचा कचरा असतो, तो सोडून द्या. आधीच माहीत असलेले लघुग्रह सॉफ्टवेअर दाखवतं, उरलेल्याला तुमच्या टीमचा कोड द्यायचा आणि रिपोर्ट पाठवायचा. या सगळ्यातलं खरं कागदपत्र म्हणजे हा रिपोर्ट, वेळ, जागा, तेजस्विता सगळं 80 कॉलमच्या ठरलेल्या साच्यात बसलेलं असतं, म्हणून हाताने एक स्पेससुद्धा हलवू नका.

रिपोर्ट शेवटी पोचतो अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे, जगभरातली लघुग्रहांची निरीक्षणं तिथेच जमा होतात. एका रात्रीच्या निरीक्षणावर काही ठरत नाही, हर्णैच्या धक्क्यावरून पाच मिनिटं दिसलेली होडी कुठल्या बंदराला चालली ते सांगता येत नाही तसंच हे. दुसऱ्या रात्रीचं निरीक्षण लागतं, आणि शोधाचं श्रेय ठरवतानाही ती दुसरी रात्र बघितली जाते. मग मिळतो तात्पुरता क्रमांक. उदाहरणार्थ 2006 व्हीपी32, यातलं व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि पी32 म्हणजे त्या पंधरवड्यातला 815 वा. हाच पुढे कायमचा क्रमांक मिळून 300128 झाला आणि 2019 मध्ये त्याला पंडित जसराजांचं नाव मिळालं!

तेरा वर्षं का लागली असं वाटेल. मुख्य पट्ट्यातले बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरूच्या मधे, साधारण 3 ते 6 वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतात, आणि पृथ्वीवरून बघताना सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे नीट दिसतील असे, साधारण चौदा ते सतरा महिन्यांनी येतात. अशा साधारण चार खेपांची निरीक्षणं जमली की कक्षा पक्की धरतात आणि कायमचा क्रमांक देतात. इटलीच्या पियाझीने 1 जानेवारी 1801 ला सिरीस, म्हणजे सगळ्यात पहिला लघुग्रह, शोधला, पुढे तो सूर्याच्या उजेडात हरवला, गणितज्ञ गाउसने कक्षेचं गणित मांडलं तेव्हा वर्षअखेरीला परत सापडला, तेव्हापासून कक्षेला हा मान आहे.

क्रमांक मिळाल्यावर शोधकाला नाव सुचवायला 10 वर्षं मिळतात. रोमन लिपीत जास्तीत जास्त 16 अक्षरं, स्पेस धरून, शक्यतो एकच शब्द, उच्चारता येईल असा, आधीच्या नावाशी फार मिळताजुळता नको. कंपनीचं, दुकानाचं नाव चालत नाही, कुत्र्यामांजराचंही नको म्हणतात. राजकारणी किंवा लष्करी व्यक्ती असेल तर मृत्यूला 100 वर्षं झालेली हवीत, म्हणजे 1729 मध्ये गेलेले कान्होजी आंग्रे या नियमात आरामात बसतात, नाव जोडून लिहिलं तर अक्षरंही भरतात 12 च. सोबत नावामागचं कारण सांगणारी दोनतीन वाक्यं इंग्रजीत द्यायची, ती नीट लिहा, कारण आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती नाव मंजूर करते तेव्हा तीच नावाबरोबर छापली जातात. यातल्या कुठल्याच टप्प्यावर पैसे लागत नाहीत, कोणी हजार-दोन हजारात लघुग्रहाच्या नावाचं सर्टिफिकेट देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.