क्लिक झालं, समाधानाचं काय?

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना मोबाइलवर मथळा येतो : ‘उद्या निम्म्या शहराचं पाणी बंद!’ मानेवाड्यातल्या वाचकाला फक्त दोन गोष्टी हव्या असतात. आपला जलकुंभ यादीत आहे का, आणि पाणी किती वाजेपर्यंत बंद? जलकुंभांची नावं मात्र सातव्या परिच्छेदात सापडतात, तीही दोन जाहिराती ओलांडल्यावर.

एलिहू कॅट्झ, जे. ब्लमलर आणि मायकेल गुरेविच या माध्यम-अभ्यासकांनी १९७०च्या दशकात ‘माध्यम वाचकाचं काय करतं’ हा प्रश्नच उलटा केला : वाचक माध्यमाकडे येतो कशासाठी? पुढे संशोधकांनी वाचकाला जे हवं होतं ते आणि जे हाती लागलं ते वेगवेगळं मोजलं. समाधान ठरतं ते या दोहोंतल्या अंतरावर. क्लिक मात्र वाचण्याआधीच होतो, म्हणून तो अपेक्षाच मोजतो. अमेरिकेतल्या ‘अपवर्दी’ या संकेतस्थळाच्या मथळ्यांवर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. वाचक खूश झाले का, हे त्या आकड्यातून कळत नाही.

पानावर घालवलेला वेळही फसवा. दीर्घ लेखावर पाच मिनिटं म्हणजे कौतुक. पाणीबंदीच्या बातमीवर पाच मिनिटं म्हणजे बिचारा अजून शोधतोय!

त्यात पान हलतं. जाहिरातीसाठी जागा आधी राखली नसेल, तर ती उशिरा येऊन मजकूर खाली ढकलते आणि अंगठा भलतीकडेच पडतो. गूगल हे मोजतं. अर्धा स्क्रीन व्यापणारा मजकूर पाव स्क्रीन सरकला, तर बाधित भाग (आधीची आणि नंतरची जागा मिळून) स्क्रीनच्या ०.७५ आणि सरकलेलं अंतर ०.२५, गुणाकार सुमारे ०.१९. चांगल्या पानाची मर्यादा ०.१ आहे. उपाय साधा : चित्राची लांबी-रुंदी आणि जाहिरातीच्या चौकटीची उंची कोडमध्ये आधीच लिहायची.

मजकुराचं कामही अवघड नाही. पहिल्या दोन ओळींत जलकुंभ, वेळ आणि टँकर मिळणार की नाही, एवढं यावं. मथळ्यात ‘उद्या’ऐवजी वार आणि तारीख लिहावी, कारण ती बातमी व्हॉट्सॲपवर आणखी तीन दिवस फिरते, आणि दर वेळी कुणीतरी नवा ड्रम भरून ठेवतो.