दृष्टी-भाषा-कृती मॉडेल

कॅमेऱ्यातले दृश्य आणि शब्दांत दिलेली सूचना एकत्र वाचून रोबोची पुढची हालचाल थेट ठरवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'व्हीएलए' म्हणतात.

सांगितले की वस्तू उचलणारा संगणक ही कल्पना जुनीच. टेरी विनोग्राड यांनी १९६८ ते १९७० दरम्यान एमआयटीत लिहिलेला 'श्रडलू' हा प्रोग्रॅम इंग्रजी सूचनेवरून ठोकळे रचत असे. मात्र ते ठोकळे संगणकातलेच असल्याने त्याला डोळ्यांची गरजच नव्हती. खऱ्या रोबोंमध्ये ओळखणे, आखणी करणे आणि हात हलवणे ही कामे बहुधा वेगवेगळ्या प्रोग्रॅमांकडे असत. एकाची चूक पुढच्याच्या गळ्यात पडे.

व्हीएलए हे नाव रूढ झाले गूगल डीपमाइंडच्या 'आरटी-२'मुळे (जुलै २०२३). त्यातली युक्ती थक्क करण्याइतकी साधी आहे: हालचालसुद्धा मजकूर म्हणूनच लिहायची. हात तिन्ही दिशांना किती सरकवायचा, मनगट तिन्ही अक्षांवर किती वळवायचे, पकड किती मिटायची, यांतल्या प्रत्येकाचा पल्ला २५६ भागांत विभागला आणि भागांना क्रमांक दिले. काम संपले की नाही, याचा आणखी एक आकडा. अशी आठ आकड्यांची ओळ मॉडेल वाक्यासारखी लिहिते, हात तेवढा हलतो, कॅमेरा पुन्हा पाहतो, की पुढची ओळ.

यामुळे वेबवरच्या चित्रांतून आणि मजकुरातून मिळालेली समज हातापर्यंत पोहोचली. 'नामशेष प्राणी उचल' म्हटल्यावर आरटी-२ने खेळण्यांतला डायनासोर उचलला. पण कळणे वेगळे आणि वळणे वेगळे. सरावात नसलेली हालचाल त्याला नव्याने सुचत नसे, आणि सराव महाग असतो: १३ रोबोंकडून सुमारे १,३०,००० प्रात्यक्षिके गोळा करायला १७ महिने लागले होते. म्हणून २०२३मध्येच अनेक प्रयोगशाळांनी २२ प्रकारच्या रोबोंच्या दहा लाखांहून अधिक नोंदी 'ओपन एक्स-एम्बॉडिमेंट' या संग्रहात एकत्र केल्या. सात अब्ज पॅरामीटरचे (म्हणजे शिकताना ठरणाऱ्या आतल्या आकड्यांचे), सर्वांना खुले असलेले 'ओपनव्हीएलए' (२०२४) त्यातूनच शिकले.

दुसरी अडचण वेगाची. सर्वांत मोठे आरटी-२ सेकंदाला एक ते तीनच ओळी देई. डबा ढकलायला हे पुरते. कपड्याची घडी घालताना कापड तेवढ्यात घसरते. ऑक्टोबर २०२४मधल्या 'पाय-झीरो' या व्हीएलए मॉडेलने आकड्यांची ओळ सोडून सलग हालचालींचा तुकडाच एकदम तयार केला आणि सेकंदाला ५० आदेशांपर्यंत मजल मारली. आकडेवाले हरले असे मात्र नाही. पुढच्याच वर्षी हालचाली दाबून थोडक्या टोकनांत (मॉडेल एकेक करून लिहिते त्या तुकड्यांत) बसवण्याची रीत निघाली आणि ती बाजू पुन्हा उभी राहिली.