प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाश : तीव्रता आणि वेळापत्रक

खाऱ्या पाण्याच्या ज्या काचटाकीत जिवंत प्रवाळ वाढवले जातात तिला हौशी मंडळी ‘रीफ टँक’ म्हणतात. या टाकीवर किती प्रखर दिवा लावायचा, तो कोणत्या रंगाचा हवा आणि रोज किती तास चालू ठेवायचा, हे ठरवणे म्हणजे तिची प्रकाशयोजना. गोड्या पाण्यातल्या माशांच्या टाकीवरचा दिवा मुख्यतः बघणाऱ्याच्या सोयीसाठी असतो; रीफ टँकमध्ये तो प्रवाळाचे अन्न तयार करतो. म्हणून दुकानात हमखास विचारला जाणारा ‘किती वॅटचा?’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. प्रवाळाच्या अंगावर दिवसभरात एकूण किती प्रकाश पडला आणि त्यात किती वेगाने बदल केला, हे पाहावे लागते.

प्रवाळ आणि शैवल. प्रवाळ हा प्राणी आहे. उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली ही सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून तयार केलेले अन्न यजमानाला देतात आणि त्याच्याकडून कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्ये घेतात. उथळ पाण्यातल्या अनेक जातींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा या मार्गाने मिळू शकतो. सांगाडा बांधण्याचे कामही उजेडात वेगाने होते. त्यामुळे दिवा वाढवला की पाण्यातली अल्कलिनिटी (सांगाड्याला लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप) आणि कॅल्शियम जास्त खर्च होऊ लागते. दिवा बदलून महिना झाला तरी क्षारांची मात्रा तीच ठेवणाऱ्याला हे उशिरा कळते. याला अपवाद आहेत. ‘सन कोरल’ म्हणून विकला जाणारा ट्यूबास्ट्रिया नावाने सूर्याचा असला तरी त्याच्या अंगात शैवल नसते. त्याला उजेड नव्हे, रोजचे खाणे लागते.

शैवलांच्या बाजूने पाहिले तर प्रकाशाचे तीन टप्पे पडतात. एका पातळीखाली श्वसनात जितके खर्च होते तितकेही तयार होत नाही आणि प्रवाळ हळूहळू उपाशी पडतो. त्यावर उत्पादन प्रकाशाबरोबर वाढत जाते, पण एका मर्यादेपर्यंतच. बऱ्याच जातींत २०० ते ४०० मायक्रोमोलच्या (प्रकाशाचे हे माप पुढे समजावले आहे) दरम्यान ते सपाट होते. त्याच्याही पलीकडे गेले की जास्तीची ऊर्जा घातक ऑक्सिजन-संयुगे तयार करते, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा दुरुस्तीपेक्षा वेगाने मोडू लागते आणि शेवटी प्रवाळ आपली शैवले बाहेर टाकून पांढरा पडतो. यालाच विरंजन किंवा बोलीत ‘ब्लीच होणे’ म्हणतात. थोडक्यात, मधल्या टप्प्याच्या पुढे वाढवलेला उजेड बिलात दिसतो, वाढीत दिसत नाही.

मोजमाप. वनस्पती आणि शैवले ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. या पट्ट्यातले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. हौशी लोक या आकड्याला सरळ ‘पार’ म्हणतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी निरभ्र आकाशाखाली समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २,००० च्या आसपास असतो.

माणसाचा डोळा या बाबतीत भरवशाचा नाही. मंद आणि प्रखर उजेडाशी तो इतक्या सहज जुळवून घेतो की १०० आणि ३०० पारमधला फरक आपल्याला जेमतेम जाणवतो. मोबाइलवरचे लक्स मोजणारे ॲपही फसवते. लक्स हे एकक डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले आहे आणि ती संवेदना ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरवट उजेडाला, सर्वांत जास्त असते. सूर्यप्रकाशात लक्सला साधारण ५४ ने भागले की पार मिळतो. निळ्या एलईडीखाली हा हिशेब कोलमडतो : लक्सचा आकडा किरकोळ दिसतो, टाकी अंधारी वाटते, मालक दिवा आणखी चढवतो आणि खाली प्रवाळ भाजत असतो. रीफ टँकमध्ये या चुकीने गेलेले प्रवाळ कमी नाहीत.

म्हणून पाण्यात बुडवता येणारा पार मीटर वापरतात. तो महाग असल्याने बरेच जण दुकानातून किंवा ओळखीतून दोन दिवसांसाठी उसना आणतात, आणि तेवढे पुरतेही. काठीला बांधलेला सेन्सर घेऊन टाकीत दहा-पंधरा ठिकाणी आकडे टिपायचे. मोजमाप हवेतल्यासाठी जुळवलेल्या सेन्सरने केले असेल तर पाण्यातल्या वापरासाठीची दुरुस्ती त्यात धरावी लागते. एकाच दिव्याखालच्या, ६० सेंटीमीटर लांबीच्या टाकीत खडकाच्या माथ्यावर ३००, तिथून वीतभर बाजूला १५० आणि खडकाच्या पोटाखाली ३० असे आकडे सहज निघतात. तेव्हा ‘माझ्या टाकीचा पार २००’ या बोलण्याला फारसा अर्थ नसतो. प्रत्येक जागेचा पार वेगळा असतो.

कोणाला किती. डिस्कोसोमासारखी मश्रूम प्रवाळे ५० ते १०० पारमध्ये सुखाने राहतात. झोअँथस आणि चामड्यासारखी मऊ प्रवाळे १०० ते १५० च्या आसपास ठीक असतात. मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक तोंडवाला जीव) कठीण प्रवाळे, ज्यांना बाजारात एलपीएस म्हणतात, त्यातली युफिलिया साधारण तेवढ्यातच वाढते आणि फार उजेड पडला की आपले फुगीर हातच आत ओढून घेते. बारीक पॉलिपच्या म्हणजे एसपीएस गटात माँटिपोराला २०० आणि अॅक्रोपोराला २५० ते ३५० अशी मात्रा सहसा चालते. हे आकडे कामचलाऊ आहेत. एकाच जातीचे दोन फ्रॅग, म्हणजे लावण्यासाठी तोडलेले तुकडे, एक उथळ पाण्यातून आलेला आणि दुसरा पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला, वेगवेगळे वागतात. ‘अॅक्रोपोराला ५०० हवेच’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला त्याचा प्रवाळ आधी कुठल्या दिव्याखाली होता ते विचारावे.

समुद्रातही एकच एक माप नसते. स्वच्छ पाण्यात १० मीटर खाली पृष्ठभागावरचा निम्म्याहून कमी प्रकाश पोचतो आणि लाल रंग तोवर बहुतेक संपलेला असतो. गढूळ पाण्यात तो त्याहून कितीतरी लवकर संपतो. याचे उत्तम उदाहरण कोकणात आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ उथळ, गाळ मिसळलेल्या पाण्यात राहतात. पावसाळ्यात त्यांच्यावरचा उजेड आठवडेच्या आठवडे घटतो. किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर प्रवाळ २० मीटर आणि त्याहून खोल आहेत, पण वरचे पाणी नितळ. एक खोल आणि स्वच्छ, दुसरे उथळ आणि गढूळ. दोन्हीकडचे प्रवाळ आपापल्या उजेडाला सरावलेले.

दिवसाची बेरीज. तीव्रता आणि तास यांचा गुणाकार केला की दिवसाची एकूण मात्रा मिळते. ती दर चौरस मीटरला मोलमध्ये मांडतात (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). समजा, दिवा दोन तासांत हळूहळू २५० पारपर्यंत चढतो, सहा तास तिथेच राहतो आणि पुढच्या दोन तासांत उतरतो. दिवा दहा तास चालू असला तरी पूर्ण ताकदीच्या हिशेबाने ते आठ तास झाले : २५० गुणिले ८ गुणिले ३,६००, म्हणजे ७.२ मोल. आता दुसरी टाकी घ्या. तिथे ३५० पारचा दिवा बटण दाबल्यासारखा सहा तास चालतो. बेरीज ७.५६ मोल, म्हणजे जवळपास तेवढीच. पण दुसऱ्या टाकीतला बराचसा प्रकाश वर सांगितलेल्या सपाट टप्प्यावर पडून वाया जातो आणि ताण मात्र वाढतो. कमजोर दिवा थोडा जास्त वेळ चालवून भागवता येते, हेही याच हिशेबातून कळते. अर्थात त्याला सीमा आहे : ४० पारखाली उपाशी असलेला अॅक्रोपोरा सोळा तास उजेड देऊन सुधारत नाही.

रंग. पाण्यात खोलवर निळा प्रकाश टिकतो आणि झूझँथेलीतील हरितद्रव्य व पेरिडिनिन ही रंगद्रव्ये निळा-हिरवट पट्टा चांगला शोषतात. म्हणून रीफ टँकचे दिवे निळसर असतात. एके काळी टाकीवर मेटल हॅलाइडचे २५० किंवा ४०० वॅटचे दिवे टांगत. ते प्रखर, पण पाणी तापवणारे. त्यांच्या जोडीला टी-५ नळ्या असत. निळा एलईडी व्यवहारात आला १९९० च्या दशकात आणि त्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे हेच एलईडी रीफ दिव्यांचा कणा आहेत. निळ्याखाली प्रवाळ हिरवे, केशरी झळाळतात, कारण त्यांच्यातली प्रथिने निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात सोडतात. प्रयोगशाळांत वापरले जाणारे एक लाल प्रथिन १९९९ मध्ये डिस्कोसोमातूनच मिळाले. झळाळी हा मात्र तब्येतीचा पुरावा नाही. पांढऱ्या उजेडात टॉर्चने पाहिल्याशिवाय फिकटपणा लक्षात येत नाही, आणि ही टॉर्च अनेकांच्या टाकीजवळ नसतेच.

वेळापत्रक. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास असतो. टाकीत साधारण दहा ते बारा तास, त्यातले चार ते सहा पूर्ण ताकदीचे, ही पद्धत रूढ आहे. चढ आणि उतार एक-दोन तासांचा ठेवतात. त्यात शैवलांना आपली संरक्षक रंगद्रव्ये कामाला लावायला वेळ मिळतो, आणि अचानक लखलखाट झाल्यावर मासे काचेवर आदळत नाहीत. दिवस सूर्यासोबतच उगवला पाहिजे असे नाही. कामावर जाणारे लोक दुपारी एकला सुरू करून रात्री अकराला संपवतात, म्हणजे घरी आल्यावर टाकी बघायला मिळते. प्रवाळांना त्याचे काही वाटत नाही; रोज तीच वेळ असली की झाले.

महाराष्ट्रात इथे एक घरगुती अडचण येते. दाते फिरवून वेळ लावायचा साधा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास वीज नसली तर टाकीची संध्याकाळ दोन तास पुढे सरकते, आणि उन्हाळ्यात रोजच वीज जाऊ लागली की आठवड्याभरात प्रवाळांची दुपार मध्यरात्री होते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर किंवा घड्याळ सांभाळणारा कंट्रोलर घेतला की हा घोळ मिटतो. वीज गेल्यावर दिव्याची काळजी करू नये. निरोगी प्रवाळ एक-दोन दिवस अंधारात काढतात. उपद्रवी डायनोफ्लॅजेलेट शैवल हटवण्यासाठी लोक मुद्दाम तीन दिवस दिवा बंद ठेवतात. इन्व्हर्टरवर आधी पाणी हलवणारा पंप जोडावा, कारण ऑक्सिजन दिव्याआधी संपतो. उन्हाळ्यात वेळापत्रक रात्रीकडे सरकवले तर पाणी थंड ठेवण्याचा खर्चही थोडा उतरतो.

रात्री टाकीतला पीएच घसरतो, कारण प्रकाशसंश्लेषण थांबते आणि श्वसन चालूच असते. हा चढउतार कमी करण्यासाठी मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत कीटोमॉर्फा शैवल ठेवून त्यावरचा दिवा उलट वेळेला, वरची टाकी झोपल्यावर, लावतात.

बदल आणि लक्षणे. नवा प्रवाळ आणला किंवा दिवा बदलला तर ताकद अपेक्षित पातळीच्या निम्म्यावर ठेवून चार ते आठ आठवड्यांत हळूहळू चढवतात. शैवलांची संख्या आणि त्यांतले हरितद्रव्य बदलायला आठवडे लागतात. घाई केली तर ते बदल पूर्ण होण्याआधीच नुकसान होते. उजेड कमी पडला की प्रवाळ बहुधा तपकिरी होतो, कारण तो जास्त शैवले बाळगतो. जास्त झाला की वरच्या बाजूने, दिव्याकडच्या कडेवर, फिकट होऊ लागतो. सावलीतली बाजू मात्र रंग राखून असते. ही एकतर्फी फिकटाई ओळखीची खूण आहे. सगळीकडून सारखा फिकट पडला तर आधी पाण्यातले नायट्रेट, फॉस्फेट आणि तापमान तपासावे. आणि दिवा कमी करायचा तर तो लगेच करावा. चढवताना लागणारा संयम उतरवताना लागत नाही.

चंद्र. अनेक प्रवाळ वर्षातून ठरावीक रात्री, पौर्णिमेनंतर, एकत्र अंडी व शुक्राणू सोडतात. ग्रेट बॅरिअर रीफवरील ही घटना १९८० च्या दशकारंभी नोंदली गेली. अॅक्रोपोरा मिलेपोरात प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम प्रथिने असल्याचे २००७ मध्ये दाखवले गेले. पौर्णिमेच्या चांदण्याची तीव्रता फार तर लक्सच्या दशांशात असते. बाजारातल्या दिव्यांचा ‘मूनलाइट’ रात्रभर चालतो तो त्याच्या कितीतरी पट प्रखर असतो, तेव्हा तो मंद करावा किंवा बंदच ठेवावा. चंद्र आणि ऋतू यांचा नीट हिशेब केला तर काय साधते हे लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात दिसले. तिथे २०१२ पासून चाललेल्या प्रकल्पात दिवसाची लांबी, प्रकाशाची वार्षिक चढउतार, तापमान आणि चंद्राच्या कला टाकीत हुबेहूब उतरवून अॅक्रोपोराकडून बंदिस्त जागेत प्रजनन करवून घेतले गेले; त्याची पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये फ्लोरिडातील मत्स्यालयाने हॉर्निमनच्याच सहकार्यातून अटलांटिकातल्या संकटग्रस्त स्तंभ प्रवाळाकडून प्रयोगशाळेत अंडी मिळवली.

भारतीय समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवण असो वा लक्षद्वीप, तिथून तोडून आणलेला तुकडा कितीही काटेकोर दिव्याखाली ठेवला तरी तो गुन्हाच ठरतो.