शंभर ग्रॅम तीळ कोण खातं?

हिवाळ्यात कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत माळवं घ्यायला जावं, तर मेथी, शेपू, चाकवत, करडई, आंबट चुका, पोकळा यांच्या पेंड्यांच्या राशी लागलेल्या असतात. तिथून लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात आलं की पोत्यांतून तीळ, जवस, कारळे, मेथ्या, मोहरी, राजगिरा. दोन्ही बाजारांतला बराच माल एकाच झाडाचा आहे, हे पिशवी भरताना फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मेथी आणि मेथ्या, कोथिंबीर आणि धने, राजगिऱ्याची भाजी आणि उपासाचा राजगिरा, करडईची भाजी आणि करडईचं तेल. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत मात्र पान आणि बी या दोघांची कुस्ती लावलेली असते. ‘तिळात दुधाच्या आठपट कॅल्शियम’, ‘पालक विसरा, भोपळ्याच्या बिया खा’. आकडे बहुतेक वेळा खरे असतात. फक्त वजनी गट न बघता जोड लावलेली असते.

पोषणाचे सगळे तक्ते १०० ग्रॅमचा हिशोब देतात. १०० ग्रॅम तिळात साधारण ५७० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं, ५० ग्रॅम तेल आणि सालासकट असतील तर हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. १०० ग्रॅम पालकात २३ कॅलरी, ३ ग्रॅमही नाहीत एवढी प्रथिनं आणि कॅल्शियम १०० मिलिग्रॅम. वाचणारा म्हणतो, पालक हरला. पण या पालकात ९१ ग्रॅम पाणीच आहे! तिळात पाणी जेमतेम ५ ग्रॅम. आपण सुक्या वस्तूची तुलना ओल्या वस्तूशी करतोय.

पाणी वजा करून बघा. मेथीच्या पानांत ८६-८७ टक्के पाणी असतं, उरलेल्या कोरड्या भागात पंचवीस ते तीस टक्के प्रथिनं असतात. मेथीदाण्याचा हिशोबही तिथेच येतो. पानातल्या प्रथिनांचा मोठा वाटा रुबिस्को नावाच्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवायच्या कामात पहिला हात याचाच. म्हणजे पान प्रथिनांत गरीब नाही, ते ओलं आहे इतकंच. पण पोटाला कोरडा हिशोब कळत नाही. पाण्यासकट तेवढा पाला खायचा तर जबडा दुखेल.

आता कॅलरीच्या हिशोबाने मांडू. १०० कॅलरी मिळवायला तीळ लागतात साडेसतरा ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे. त्यातून कॅल्शियम मिळतं १७० मिलिग्रॅम, लोह अडीच मिलिग्रॅम. तेवढ्याच कॅलरीला पालक लागतो ४३० ग्रॅम, आणि त्यात कॅल्शियम ४२५, लोह साडेअकरा. निकाल उलटा! आणि हाही तितकाच फसवा, कारण ४३० ग्रॅम पालक एका जेवणात कोण खातं? तसेच १०० ग्रॅम तीळही संक्रांतीला सुद्धा कुणी संपवत नाही. चटणीतून पोटात जातो तो चमचा-दीड चमचा. पालेभाजी मात्र निवडून, धुऊन, कढईत टाकली की परातभर असलेली वाटीभर होते, आणि ती वाटी आपण सहज संपवतो. ताटात जेवढं पडतं तेवढ्याचाच हिशोब खरा.

पण आकड्यांपेक्षा मला मजेशीर वाटतं ते यामागचं कारण. झाडाने पान आणि बी आपल्यासाठी बनवलेलं नाही. दोघांची कामं वेगळी, म्हणून आतला माल वेगळा. पान दिवसभर उन्हात उभं राहून प्रकाशाचं अन्न करतं. या कामात जास्तीचा प्रकाश हरितद्रव्याला जाळू शकतो, म्हणून शेजारी बीटा कॅरोटीनसारखी रंगद्रव्यं पहाऱ्याला असतात. आपलं शरीर त्यातून अ जीवनसत्त्व बनवतं. प्रकाशसंश्लेषणात तयार होणारे उपद्रवी ऑक्सिजनचे रेणू निवळायला पानात क जीवनसत्त्व भरपूर. इलेक्ट्रॉन पुढे सरकवायच्या साखळीत के जीवनसत्त्वाचा एक प्रकार कामाला असतो. १०० ग्रॅम पालकात तो ४८० मायक्रोग्रॅमच्या घरात आहे, मोठ्या माणसाच्या रोजच्या गरजेच्या कितीतरी पट.

बी असं काही करत नाही. ते अंधारात, कोरडं पडून वाट बघतं. पहिलं हिरवं पान फुटेपर्यंत रोपाला पुरेल इतकं तेल, पिठूळ पदार्थ, प्रथिनं आणि खनिजं त्यात ठासून भरलेली असतात. तेल खवट होऊ नये म्हणून ई जीवनसत्त्व. सूर्यफुलाच्या १०० ग्रॅम बियांत ते ३५ मिलिग्रॅम असतं. जस्त तिळात पावणेआठ मिलिग्रॅम, पालकात अर्धा. जवसात तर ओमेगा-३ मेदाम्लाचा साठा २२-२३ ग्रॅम. क जीवनसत्त्व मात्र कोरड्या बीमध्ये जवळपास शून्य, आणि बीटा कॅरोटीनही नावापुरतंच.

फोलेट या जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्याच राज्यात सुरू होते. १९२८ नंतरच्या काही वर्षांत लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणीकामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवलं, पण अर्कातला नेमका गुणकारी पदार्थ कोणता ते तेव्हा हाती लागलं नाही. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकावर प्रक्रिया करून फॉलिक आम्ल, म्हणजे हेच फोलेट, वेगळं केलं. अंबाडा-वेणी घालून भोंग्याला गिरणी गाठणाऱ्या त्या बायकांच्या ताटात रोज काय पडत होतं, हा प्रश्न विल्स यांना सुचला नसता तर हा शोध आणखी रेंगाळला असता.

तक्त्यात आहे ते सगळं अंगी लागतंच असंही नाही. बी आपला फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात साठवतं, आणि हे आम्ल लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवतं. पालकात तेच काम ऑक्सॅलेट करतं. दुधातलं पाव-सव्वा पाव कॅल्शियम शरीरात शोषलं जातं, पालकातलं मात्र शंभरातलं पाचच. राजगिऱ्याच्या पाल्यातही ऑक्सॅलेट भरपूर. मेथी आणि मोहरीचा पाला या बाबतीत पालकापेक्षा पुष्कळ बरा, तरी कौतुक सगळं पालकाचंच होतं. तिळाची आणखी एक गंमत आहे. त्याचं बरंचसं कॅल्शियम सालात असतं, तेही मोठ्या प्रमाणात ऑक्सॅलेटशी जखडलेलं. सोललेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात कॅल्शियम सालासकट तिळाच्या मानाने अगदीच थोडं उरतं. तेव्हा पांढऱ्या रश्शात तीळ-खसखस पडते म्हणून हाडं मजबूत होतात असं कुणी सांगितलं, तर रस्सा जरूर प्या, पण चवीसाठी. चार माणसांच्या रश्शात चमचा-दोन चमचे वाटण, त्यातलं प्रत्येकाच्या वाटीत किती येणार?

या अडचणींवर उपाय स्वयंपाकघरातच आहेत. बी भिजलं, मोड आले की त्यातलं फायटेज नावाचं विकर फायटिक आम्ल तोडू लागतं, आणि कोरड्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्वही तयार होतं. मिसळीतली मोडाची मटकी म्हणजे बी आणि रोप यांच्या मधली अवस्था. कट उकळताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं हे खरं, म्हणून वरून पिळलेली लिंबाची फोड फुकट जात नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व वनस्पतींमधल्या लोहाला शोषायला सोपं करतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलटं करतो.

जवसाचा अख्खा दाणा सालामुळे न पचताच बाहेर पडायची शक्यता जास्त, भाजून कुटला की आतला माल मोकळा होतो. म्हणून चहाचा चमचाभर अख्खं जवस पाण्याबरोबर गिळण्यापेक्षा भाकरीबरोबर जवसाची चटणी केव्हाही बरी. पालक, अंबाडी उकडून पाणी टाकलं तर विरघळणारं ऑक्सॅलेट निघून जातं, पण त्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही मोरीत जातं. एकाच पाण्यातून एक गोष्ट काढून दुसरी ठेवता येत नाही. माझं मत विचाराल तर मेथी-शेपूचं पाणी कधी टाकू नये, पालकाचं ज्याचं त्याने ठरवावं.

आणि घोळाणा. मेथीची कोवळी पानं चिरायची, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, चटणी, वरून कच्चं तेल, लिंबू. गॅस पेटवायचाच नाही. पानं कच्ची, म्हणून क जीवनसत्त्व आणि फोलेट शाबूत. बीटा कॅरोटीन शोषायला स्निग्ध पदार्थ लागतो, तो तेलातून आणि कुटातून येतो. शेंगदाणा हे बीच, त्याची प्रथिनं मिळतात आणि लिंबू लोहाला मदत करतं. हे सगळं पूर्वजांनी विचार करून ठरवलं असं म्हणायचं काही कारण नाही. कोवळी मेथी अशी छान लागते, एवढं पुरेसं होतं. धुण्यात मात्र हयगय नको. पानं कच्चीच पोटात जाणार, तेव्हा माती निघून पाणी निवळ येईपर्यंत धुवावीत.

रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजी बंद करायची नसते, पण आज दोन वाट्या आणि मग आठवडाभर काहीच नाही असंही करायचं नसतं. के जीवनसत्त्वाचा या गोळीशी थेट संबंध आहे, म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं आणि बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. ऑक्सॅलेटचे मूतखडे वारंवार होणाऱ्यांनी पालक आणि तीळ दोन्ही बेताने खावेत, मेथी खायला हरकत नसते.