घट्ट धरणारा बूट, वेळेवर सोडणारी पकड

गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलेल्या माणसाची पहिली झटापट बर्फाशी होत नाही, बुटाशी होते. भाड्याने साहित्य देणाऱ्या दुकानातल्या बाकावर बसून तो कडक प्लास्टिकचा अवजड बूट चढवला की घोटा जखडला जातो, नडगी किंचित पुढे झुकते आणि चार पावले टाकणेही अवघड होऊन बसते. मग बहुतेक जण एक नंबर मोठा बूट मागतात, किंवा थंडीच्या धास्तीने लोकरीचे दोन-दोन मोजे घालतात. या दोन्ही गोष्टी पुढे उतारावर महागात पडतात.

स्कीचा बूट चालण्यासाठी बनवलेलाच नसतो; त्याचे काम तरफेचे आहे. नडगी पुढे रेलली की तो दाब बुटाच्या कडक कवचातून स्कीच्या पुढच्या भागाकडे जातो, आणि गुडघा आतल्या बाजूला कलला की स्की तिरकी होऊन तिची पोलादी कड बर्फात रुतते. बूट सैल असेल तर पायाची हालचाल आधी आतल्या पोकळीतच जिरते आणि स्कीपर्यंत उशिरा व अर्धवट पोहोचते; ढिल्या स्टिअरिंगची मोटार घाटात चालवावी, तसाच हा प्रकार. बुटाचे माप पावलाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये ठरते, त्यामुळे दुकानात आपला नेहमीचा नंबर सांगण्यापेक्षा पाऊल मोजून घेणे चांगले. बूट बरोबर असेल तर ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकतात, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की टाच मागे सरकून बोटे मोकळी होतात. मोजा एकच हवा आणि तोही पातळ, कारण जाड मोजे पायातला रक्तप्रवाह दाबतात व घाम धरून ठेवतात, आणि ज्या गारठ्यासाठी ते घातले तोच वाढतो.

बुटाने धरून ठेवायचे असते, तर बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या बाइंडिंगने वेळ येताच सोडून द्यायचे असते. नवशिक्याची स्की साधारण हनुवटीपर्यंत पोहोचेल एवढी असते. तिचे टोक बर्फात अडकले आणि तिथे अवघे १० किलो वजनाएवढे बल आडवे लागले, तरी बुटापासून ८० सेंटिमीटर अंतरामुळे नडगीवर सुमारे ८० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. मोटारीच्या चाकाचे नट पान्याने आवळताना साधारण याच तोलाचा पीळ द्यावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या काळी, बूट स्कीला पक्के बांधलेले असत तेव्हा, पाय का मोडत हे सहज कळते. मूळचा नॉर्वेचा आणि अमेरिकेत स्थायिक झालेला स्कीपटू यालमार व्हाम याचाही पाय १९३७ मध्ये असाच मोडला, आणि त्याने पीळ पडताच सुटणारे बाइंडिंग तयार केले.

आजच्या बाइंडिंगचा पुढचा भाग पीळ पडला की बाजूला सुटतो आणि टाचेचा भाग माणूस पुढे पडू लागला की वर उघडतो. किती बलाला सुटायचे हे स्प्रिंगच्या ताणावर ठरते, आणि तो ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी व स्की करण्याचे कौशल्य पाहून लावतात. दुकानदाराला वजन सांगताना लाजून पाच-सात किलो कमी सांगणे हा आपल्याकडचा शिष्टाचार इथे कामाचा नाही. मात्र बाइंडिंग नडगीला जेवढे जपते तेवढे गुडघ्यातल्या अस्थिबंधांना जपत नाही.

स्की चढवताना तळव्याला चिकटलेला बर्फ आधी काठीने खरवडून काढावा. बोटभर बर्फ राहिला तरी बूट नीट बसत नाही आणि सुटण्याचे गणितही चुकते. उतारावर स्की आडव्या ठेवून खालच्या बाजूची आधी घालावी, बुटाचे पुढचे टोक खाचेत सरकवावे आणि टाच जोराने दाबावी. खट् असा स्पष्ट आवाज आला म्हणजे ती बसली. काठ्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सुरुवातीचे धडे पुष्कळदा त्यांच्याशिवायच देतात.

घसरू लागल्यावर भीतीने अंग मागे टाकावेसे वाटते, पण तसे केले की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो आणि ती वळेनाशी होते. बुटाची नळी पुढे झुकलेली का असते, याचा उलगडा इथे होतो: नडगी तिच्यावर रेलून राहिली की वजन आपोआप स्कीच्या मध्यावर येते.

संध्याकाळी बूट काढल्यावर आतले मऊ अस्तर सुकायला ठेवावे आणि बूट रात्री उबदार खोलीतच असावेत. थंडीत प्लास्टिक इतके ताठ होते की रात्रभर गाडीत राहिलेला बूट सकाळी उघडता उघडत नाही, आणि जोर लावताना बाकावरून घसरायची पाळी येते.