‘स्ट्रेफ’: शापातून आलेली खेकडाचाल

“सरळ काय पळतोस, स्ट्रेफ मार!” नाशिकच्या कॉलेज रोडवर कुठल्याही गेमिंग कॅफेत ही हाक कानावर पडेल. अर्थ सोपा आहे: तोंड आणि नेम शत्रूकडेच ठेवायचा आणि अंग मात्र डावी-उजवीकडे सरकवायचं. कबड्डीत चढाईला गेलेला गडी समोरच्यांवरची नजर न काढता मध्यरेषेला समांतर सरकतो, तशीच ही चाल. कीबोर्डवर त्यासाठी ‘ए’ आणि ‘डी’ ही बटणं असतात.

शब्द मात्र मैदानातला नाही. जर्मन भाषेत ‘श्ट्राफन’ म्हणजे शिक्षा करणं. पहिल्या महायुद्धात ‘देव इंग्लंडला शासन करो’ या अर्थाची ‘गॉट श्ट्राफं इंग्लंड’ ही घोषणा जर्मनीत पोस्टकार्डांवर आणि बिल्ल्यांवर छापली जाई. खंदकातल्या ब्रिटिश शिपायांनी त्यातला मधला शब्द उचलला आणि तोफांच्या जोरदार माऱ्यालाच ते ‘स्ट्रेफ’ म्हणू लागले. सैनिकांची जीभ असे शब्द झटकन आपलेसे करते. आपल्या देवळाली छावणीच्या नावावरून ‘डूलॅली’, म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द ब्रिटिश फौजेनेच इंग्रजीत नेला.

पुढे विमानातून खाली येऊन जमिनीवर गोळ्या झाडण्याला हे नाव चिकटलं. ओझरला जुळणी झालेल्या सुखोई-३० विमानात ३० मिलिमीटरची तोफ असते. ती पक्की बसवलेली असल्याने विमानाचं नाक जिकडे, तिकडेच गोळा जातो. म्हणजे खऱ्या स्ट्रेफिंगमध्ये विमान लक्ष्याच्या रोखानेच झेपावतं. गेममध्ये नेम एकीकडे आणि चाल दुसरीकडे. शब्द तोच राहिला, दिशा पार बदलली. १९९२ च्या ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ या नेमबाजीच्या गेममध्ये ‘ऑल्ट’ दाबून बाण दाबला की खेळाडू वळण्याऐवजी बाजूला सरके, आणि त्या कृतीचं नाव होतं स्ट्रेफ. गोळीबार नसला तरी चालीला हेच नाव राहिलं.

यातलं गणित मला सगळ्यात आवडतं. १९९३ च्या ‘डूम’मध्ये पळताना पुढे जाण्याचा जोर ५० आणि बाजूला सरकण्याचा ४०. दोन्ही बटणं एकदम दाबली तर प्रोग्रॅम दोन्ही जोर वेगवेगळे लावतो. नदी ओलांडणाऱ्या होडीला प्रवाहही ओढतो, तसंच हे. पायथागोरसने हिशेब करा: ५० चा वर्ग २५००, ४० चा १६००, बेरीज ४१००, वर्गमूळ सुमारे ६४. म्हणजे सरळ पळण्यापेक्षा २८ टक्के जास्त वेग. पण वाट तिरकी होते, म्हणून नाक उलट्या बाजूला सुमारे ३९ अंश वळवून धरावं लागतं. नवखा इथेच चुकतो. नाक न वळवता दोन्ही बटणं दाबतो आणि भिंतीला घासत राहतो.

हल्लीचे बहुतेक गेम ही फट बुजवतात. पुढे १ आणि बाजूला १ मिळून तिरकी लांबी १.४१४ होते. प्रोग्रॅम दोन्ही आकड्यांना तेवढ्याने भागतो, प्रत्येकी ०.७०७ उरतात आणि एकूण वेग पुन्हा १. मग तिरकं पळून काही हाती लागत नाही.

आज खरी गरज थांबण्याची आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये पळता पळता झाडलेली गोळी भरकटते. ‘डी’ नुसतं सोडलं तर खेळाडू घसरत थांबतो. ‘डी’ सोडून क्षणभर ‘ए’ टिचकावलं तर जागीच थबकतो, आणि गोळी तेव्हाच झाडायची. ‘ए’ जास्त वेळ दाबून ठेवलं तर उलट्या बाजूला पळ सुरू होतो आणि नेम पुन्हा बिघडतो. सरावासाठी रिकाम्या नकाशात भिंतीवर एक ठिपका धरा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून या, थांबा, एकच गोळी झाडा. गोळ्यांची भोकं ठिपक्याभोवती जमली तर वेळ साधली. ती विखुरली असतील तर टिचकी उशिरा तरी पडतेय किंवा लांबतेय.

सगळं बरोबर करूनही पात्र हलत नसेल तर कीबोर्ड तपासा. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणांच्या तारा आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असतात. त्यामुळे काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं नोंदलंच जात नाही. संगणकावर लिहायचं कोरं पान उघडून त्यावर ‘डब्ल्यू’ (पुढे जाण्याचं बटण) आणि ‘ए’ दाबून ठेवा आणि गेममध्ये लागणारी बाकीची अक्षरं एकेक करून दाबा. जे अक्षर उमटत नाही, त्याचं काम सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या बटणावर द्या.