निवडक सैनिकांसाठी शारीरिक क्षमता कार्यक्रम

कमांडो, छत्रीधारी सैनिक, हेलिकॉप्टरने थेट रणभूमीवर उतरणारे पायदळ अशा निवडक तुकड्यांतील सैनिकांचे बळ, दम आणि चपळाई वाढवण्यासाठी, तसेच त्यांना दुखापतींपासून वाचवण्यासाठी मोजमापांच्या आधारे आखलेला प्रशिक्षणक्रम. यात आधी सैनिकाचे काम पाहतात, त्या कामात शरीर कुठे कमी पडते हे शोधतात आणि मगच व्यायाम ठरवतात. रोजच्या पीटीहून तो वेगळा आहे तो या क्रमामुळे.

अमेरिकी भूसेनेत १९८० पासून सुमारे चार दशके एकच चाचणी होती : दोन मिनिटांत जोर, दोन मिनिटांत सिटअप आणि दोन मैलांची धाव. साधनांशिवाय, कोणत्याही मैदानावर हजारो जणांची घेता येते हा तिचा मोठा गुण. पण सैनिक ज्याची परीक्षा असते त्याचीच तयारी करतात, त्यामुळे पीटी म्हणजे मुख्यतः पळणे असे होऊन बसले. याउलट २००३ मध्ये अफगाणिस्तानातील छत्रीधारी पायदळाचे ओझे प्रत्यक्ष मोजले, तेव्हा लढतानाचे ओझे सरासरी २९ किलोच्या आसपास आणि लांबच्या वाटचालीतले ४५ किलोच्या पुढे भरले. एवढे वजन घेऊन चढण चढायला लागणारी पाठ आणि मांड्या त्या चाचणीत मोजल्याच जात नव्हत्या. शिवाय गुडघा, घोटा, खांदा, कंबर यांच्या बहुसंख्य दुखापती शत्रूमुळे होत नव्हत्या. त्या व्यायामात, खेळात आणि सरावात होत होत्या. म्हणजे त्यांतल्या बऱ्याच टाळता येण्याजोग्या होत्या.

या प्रश्नाला सर्वांत पद्धतशीरपणे भिडलेला प्रयत्न म्हणजे ‘ईगल टॅक्टिकल अ‍ॅथलीट प्रोग्रॅम’. केंटकी-टेनेसी सीमेवरील फोर्ट कॅम्पबेल येथील १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन (हेलिकॉप्टरने रणभूमीवर उतरणारे पायदळ) आणि पिट्सबर्ग विद्यापीठ यांनी तो मिळून उभा केला. संशोधकांनी छावणीतच प्रयोगशाळा थाटली. दुखापतींच्या नोंदी तपासल्या, सैनिक नेमके काय उचलतो, कुठून उडी मारतो, किती वेळ वाकून राहतो हे पाहिले आणि स्नायूंची ताकद, लवचीकपणा, तोल, प्राणवायू वापरण्याची क्षमता मोजली. चिलखत आणि शिरस्त्राण घालून उंचावरून उतरताना जमिनीचा आघात वाढतो आणि गुडघ्याची हालचाल बदलते, हे त्यांच्या मोजणीतून दिसले. वाहनातून दिवसभर उड्या टाकणाऱ्या सैनिकाला हे कळणे फार मोलाचे आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंना बळकटी देणे आणि गुडघे वाकवून मऊ उतरायला शिकवणे हे उपाय अशा निरीक्षणांतूनच सुचतात.

त्यातून आठ आठवड्यांचा क्रम आखला गेला. आठवड्याचा प्रत्येक दिवस वेगळ्या अंगाला दिला होता : वेग-चपळाई-तोल, स्नायूबल, थांबून-थांबून जोरात पळणे, स्फोटक ताकद आणि शेवटी दीर्घ दम. दर दोन आठवड्यांनी भार बदले. आधी शरीर सरावायचे, मग व्यायामाचे प्रमाण वाढवायचे, मग प्रमाण घटवून तीव्रता वाढवायची आणि अखेरीस भार हलका करायचा. नेहमीची पीटी करणाऱ्या सैनिकांशी तुलना केल्यावर बळ, लवचीकपणा आणि तोलाच्या काही बाजूंत सुधारणा आढळली. जुन्या चाचणीतील कामगिरीही सुधारली. पुढे तुकड्यांमधील नायकांना, म्हणजे छोट्या गटांच्या प्रमुखांना, शिकवून हा क्रम त्यांच्या हाती देण्यात आला. हा निर्णय महत्त्वाचा होता, कारण सकाळी मैदानावर सैनिकांसमोर उभा राहतो तो नायक. संशोधक तिथे नसतो.

याच काळात अमेरिकी भूसेनेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटने, म्हणजे छापे घालणाऱ्या निवडक पायदळाने, ‘रेंजर अ‍ॅथलीट वॉरियर’ हा आपला कार्यक्रम घडवला. व्यायामाबरोबर आहार, मनाचा कणखरपणा आणि क्रीडावैद्यक यांना त्यात समान स्थान आहे. त्याची चाचणी सैनिक चिलखतासह देतो : लांब धाव, दोरीवर चढणे, सुमारे ८४ किलोचे स्ट्रेचर ओढणे, लवचीक शिडी, आठ फुटी भिंत आणि पुन्हा धाव. जखमी साथीदाराला ओढून आणण्याची ताकद इथे उघडपणे मोजली जाते. २००९ पासून अमेरिकी भूसेनेच्या विशेष दलांमध्ये व्यायाम प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ तुकडीतच नेमले जाऊ लागले. निवडक सैनिक दुखणे लपवतो, कारण रजेवर गेलो तर जागा जाईल ही भीती असते. तज्ज्ञ रोज शेजारी असला तर तो लवकर बोलतो.

खेळाडूच्या प्रशिक्षणाची सरळ नक्कल इथे चालत नाही. खेळाडूला स्पर्धेची तारीख ठाऊक असते आणि त्या दिवशी शिखर गाठायचे असते. सैनिकाला बोलावणे कधीही येते, झोप अर्धवट असते, मोहीम रात्री असते. त्यामुळे शिखरापेक्षा वर्षभर टिकणारी भक्कम पातळी मोलाची ठरते आणि विश्रांतीही आखूनच द्यावी लागते. ती चुकली की पायाच्या हाडांना सूक्ष्म तडे जाऊ शकतात. उन्हाचा धोका तर जीवघेणा आहे : जुलै २०१३ मध्ये वेल्समधील ब्रेकन बीकन्स डोंगरांत ब्रिटिश विशेष दलाच्या निवड-चाचणीत भर उन्हात ओझ्यासह चालल्यामुळे तीन राखीव सैनिक दगावले.

निवडक तुकड्यांतले हे विचार हळूहळू सबंध अमेरिकी भूसेनेत पसरले. २०२२ मध्ये वजन उचलणे, ओढणे आणि वाहणे यांचा समावेश असलेली नवी चाचणी सर्वांना लागू झाली. २०२५ मध्ये तिच्यातला एक प्रकार वगळला गेला. भारतीय भूसेनेच्या युद्ध-शारीरिक चाचणीत शस्त्र आणि साहित्यासह पाच किलोमीटर धाव, दोरीचे प्रकार आणि नऊ फुटी खंदकावरून उडी असे. सैन्यातील पीटी प्रशिक्षक घडवणारी आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग ही संस्था पुण्यात आहे.